न चाललेला खटला: ‘द वॉकिंग डेड’मधले कॅरल प्रकरण

‘द वॉकिंग डेड’ ही मेलेली माणसं उठून जिवंतांना चावतात अशा जगातली अमेरिकन मालिका. तिच्या चौथ्या सीझनमध्ये एका वस्तीत दोन आजारी माणसांचा खून होतो. खून करणारी बाई, कॅरल, वस्तीच्या कौन्सिलची सदस्य आहे. तिला शोधून काढणाऱ्या माणसाकडे, रिककडे, कुठलंही पद नाही, पुढारीपण सोडून तो डुकरं पाळतोय आणि भाजीपाला लावतोय. तरी तिला हद्दपार करतो तो एकटाच, वस्तीपासून लांब, कोणालाही न विचारता. हे सगळं ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१३ मध्ये, सलग चार-पाच भागांत दाखवलं गेलं. मालिका पुढे २०२२ पर्यंत चालली, १७७ भाग झाले, त्यांत याहून क्रूर प्रसंग ढिगाने आहेत. पण वस्ती म्हणून जगणं म्हणजे काय, हे तपासायला मला हेच प्रकरण सगळ्यात उपयोगी वाटतं. इथे गव्हर्नर, नीगन असे खलनायक नाहीत, भिंत ओलांडून आलेला कोणी नाही. जे झालं ते घरातल्यांनी घरातल्यांचं केलं.

मालिका अजून पाहायची असेल तर इथेच थांबा, पुढे सगळं उघड केलं आहे.

चाहत्यांचा वाद गेली कित्येक वर्षं एकाच प्रश्नाभोवती फिरतोय: कॅरल बरोबर होती की चूक? हा प्रश्न सोपा आहे आणि त्यावर भांडायला मजा येते. मला त्याहून जास्त खटकतं ते दुसरंच. कौन्सिल होती, साथ आल्यावर तिने ठराव केला होता, मग या प्रकरणात कौन्सिलला कोणी काही विचारलंच का नाही?

वस्ती

जागा जॉर्जियातला एक तुरुंग. तिसऱ्या सीझनमध्ये रिकच्या टोळीने तो रिकामा केला तेव्हा आत जेमतेम दहाएक माणसं होती, एकमेकांना सख्ख्यासारखी ओळखणारी. चौथा सीझन उघडतो तेव्हा तिथे गाव वसलं आहे. सामायिक स्वयंपाक आहे, मुलांना गोष्टी वाचून दाखवण्याची वेळ ठरलेली आहे, कुंपणाला चिकटलेल्या वॉकरांना, म्हणजे चालत्या मुडद्यांना, जाळीतून भोसकण्याची पाळी लागते.

हे गाव कसं झालं, ते विसरून चालणार नाही. तिसऱ्या सीझनच्या शेवटी वुडबरी या शत्रू वस्तीच्या पुढाऱ्याने, गव्हर्नरने, आपल्याच माणसांना रस्त्यावर गोळ्या घातल्या. त्या प्रेतांखाली लपून वाचलेली एकटी बाई म्हणजे कॅरन. तिच्या तोंडून खरं काय ते कळलं म्हणून वुडबरीचे दरवाजे रिकसाठी उघडले आणि तिथली म्हातारी माणसं आणि मुलं बसमध्ये बसून तुरुंगात आली. पुढे खून झाला तो या कॅरनचा. दुसरा बळी डेव्हिड, त्याच्याबद्दल तर मालिकेने आपल्याला जवळजवळ काहीच सांगितलेलं नाही. तो खोकतो, एवढंच. खुनाचा बळी इतका अनोळखी ठेवणं ही लेखकांची लबाडी आहे असं माझं मत आहे, कारण त्यामुळे सगळी चर्चा खुन्याच्या मनाभोवती फिरत राहते.

कारभाराचा इतिहासही छोटासाच. दुसऱ्या सीझनमध्ये रँडल नावाच्या पकडलेल्या पोराला मारायचं की नाही, यावर हर्शेल या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांनी बसून वाद घातला होता. म्हातारा डेल दारोदार फिरून एकेकाला विनवत होता. त्या बैठकीत कॅरल काय म्हणाली, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे: तुमचं तुम्ही ठरवा, मला यात ओढू नका. डेलने तिथल्या तिथे सुनावलं की गप्प बसणं म्हणजे मारणाऱ्यात सामील होणंच. त्यानंतर त्याच सीझनच्या शेवटी रिकने जाहीर करून टाकलं की यापुढे लोकशाही संपली. मार्च २०१३ मध्ये, तिसऱ्या सीझनच्या अखेरीस, त्याने ते जाहीरपणे मागे घेतलं. त्यातून कौन्सिल आली: हर्शेल, डॅरिल, ग्लेन, साशा आणि कॅरल.

बाहेरच्या माणसाला आत घेण्यासाठी तीन प्रश्न ठरले होते. किती वॉकर मारलेस? किती माणसं मारलीस? का? हे तीन प्रश्न या प्रकरणाच्या गाभ्याशी आहेत, त्यांच्याकडे परत येऊ.

साथ

पॅट्रिक नावाचा चष्मेवाला पोरगा खोकत होता. रात्री न्हाणीघरात कोसळून मेला. या जगात मेलेला माणूस, कसाही मेला तरी, उठतो. तो उठला आणि झोपलेल्या डी ब्लॉकमध्ये शिरला. सकाळपर्यंत प्रेतांचा खच पडला होता. त्यांत चावल्याने मेलेले बरेच, पण एक जण कोठडीत बंद असतानाच नुसत्या तापाने मेला होता. तिथे डॉक्टरांच्या लक्षात आलं की हा फ्लूसारखा काहीतरी प्रकार आहे. डुकरीण मेली होती, जंगलात रानडुक्करही मरून पडलेलं दिसलं होतं, त्यामुळे संशय तिकडे गेला. हे डॉक्टर म्हणजे केलेब सुब्रमण्यम, वस्तीत ‘डॉक्टर एस’. जगबुडीनंतरच्या जॉर्जियातही डॉक्टर आपल्याकडचाच निघावा, याची गंमत वाटते. बिचारे पुढे याच साथीत गेले.

कौन्सिल बसली. ठराव झाला: ज्यांना खोकला आहे त्यांना वेगळं ठेवायचं. कॅरन आणि डेव्हिड यांना इतरांपासून दूर, तुरुंगाच्या आतल्या भागात स्वतंत्र कोठड्यांत ठेवलं. कॅरनने फारसा विरोध केला नाही. ठराव करणाऱ्यांत कॅरल होती.

त्याच दिवशी कॅरनचा जोडीदार टायरीस तिच्यासाठी फुलं घेऊन गेला. कोठडी रिकामी, जमिनीवर ओढत नेल्याचा रक्ताचा पट्टा. पट्ट्यामागे चालत तो बाहेरच्या चौकात पोचला, तिथे दोन जळालेली प्रेतं.

तपास

टायरीसने रिकची कॉलर धरली. तू पोलीस होतास, शोध आणि मला आणून दे. त्याला न्याय हवा होता की माणूस, हे त्याचं त्यालाही त्या क्षणी ठाऊक नसावं. दोघांची मारामारी झाली, रिकने त्याला इतकं बदडलं की डॅरिलला रिकला मागे खेचावं लागलं. तपास अधिकारी आणि तक्रारदार यांची पहिली भेट अशी.

रिक पूर्वीचा किंग काउंटीचा डेप्युटी शेरिफ. त्याने जागा पाहिली, दारावर उठलेला रक्ताळ हाताचा ठसा आपल्या हाताशी ताडून पाहिला. इकडे टायरीसने, काही माहीत नसताना, कॅरललाच विनंती केली की माझ्या आजारी बहिणीकडे, साशाकडे, लक्ष ठेव. कॅरल हो म्हणाली. तो गेल्यावर तिने पिण्याच्या पाण्याचं पिंप लाथाडून उलथवलं. पाण्याची टंचाई असताना! कॅरल साकारणाऱ्या मेलिसा मॅकब्राइडचा हा प्रसंग दुसऱ्यांदा पाहावा, पहिल्यांदा तो नुसता वैताग वाटतो. पुढे ती एकटीच कुंपणाबाहेर पाण्याची नळी साफ करायला जाते आणि मरता मरता वाचते. रिक तिला आत आणतो आणि सरळ विचारतो: कॅरन आणि डेव्हिडला तू मारलंस का? ती हो म्हणते आणि चालू लागते.

म्हणजे कबुली मिळाली, तीही न दटावता. अशा प्रकरणात याहून सोपी स्थिती कोणत्याही पंचांच्या वाट्याला येत नाही.

खुनाने काय साधलं

कॅरलचं म्हणणं असं: ते मरणारच होते, हाल होत होते, साथ तिथेच तोडायची होती, कोणीतरी करायलाच हवं होतं. त्यात खोटेपणा नाही. नवरा मारायचा तेव्हा गप्प राहिलेली, मुलगी सोफिया हरवली तेव्हा इतरांनी शोधावं म्हणून वाट पाहत बसलेली ही बाई. ती मुलगी शेवटी कोठारातून वॉकर होऊन बाहेर आली. दुसऱ्यांवर सोपवायचं नाही, हा धडा तिने तिथे घेतला.

पण कृतीचा हिशेब मांडला तर फार थोडं उरतं. मारलं तेव्हा दोघंही आधीच वेगळे होते. वस्तीला त्यांच्यापासून असलेला धोका ठरावानेच बराचसा कमी झालेला होता. आणि साथ त्यांच्यापाशी थांबलेली नव्हती. साधा इन्फ्लुएंझादेखील लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पसरतो. डी ब्लॉकमध्ये त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी कोण कोण गेलं, कोणी प्रेतं उचलली, खड्डे खणले, हे पाहिलं तर उत्तर तिथेच आहे. ग्लेन, साशा, लिझी, खुद्द डॉक्टर, सगळे लगोलग आडवे झाले. दोन माणसं जाळून यांतलं एकही दुखणं टळलं नाही.

दुसरी गोष्ट, ते मरणारच होते हे कॅरलला कुठून कळलं? हर्शेल पशुवैद्य. गावांतली औषधाची दुकानं लुटून झाली असणार, पण जनावरांच्या औषधांचा विचार कोणी केला नसेल, म्हणून त्याने डॅरिल, मिशोन, बॉब आणि टायरीसला पन्नासेक मैलांवरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात धाडलं. ते अँटिबायोटिक्स घेऊन आले आणि ग्लेन, साशा, लिझी जगले. व्हायरसवर अँटिबायोटिक कसं चाललं, असं विचारणाऱ्यांसाठी: फ्लूमध्ये जीव बऱ्याचदा मागाहून होणाऱ्या बॅक्टेरियाच्या न्यूमोनियाने जातो, १९१८ च्या साथीतही मोठ्या प्रमाणावर तेच झालं. तेव्हा लेखकांनी इथे अगदीच फेकलेली नाही, रक्ताळलेले डोळे मात्र निव्वळ टीव्हीसाठी. औषध येईपर्यंत कॅरन टिकली असती का, सांगता येत नाही. डेव्हिडचंही तसंच. पण तेवढी वाट पाहण्याचा हक्क त्यांचा होता.

याच साथीत दुसरं टोक हर्शेलने दाखवलं. ए ब्लॉकमध्ये आजाऱ्यांना ठेवलं, तर हा एका पायाचा म्हातारा एल्डरबेरीचा काढा घेऊन आत गेला. त्याची मुलगी मॅगी आणि रिक अडवत होते तरी गेला. आत लोक मरत होते, तेव्हा डोक्यात सुरी घालण्यापूर्वी तो त्यांना इतरांच्या नजरेआड नेत होता. मेलेल्याला पुन्हा मारण्याचं काम त्यालाही चुकलं नाही. फरक एवढाच की त्याने जिवंतांना हात लावला नाही आणि जे केलं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

हद्दपारी

रिकने कॅरलला बरोबर घेतलं, औषधं आणि खाणं शोधायला म्हणून. तिला ही नेहमीची फेरी वाटली. एका घरात एक तरुण जोडपं भेटलं, रिकने त्या पोराला स्वतःचं घड्याळ दिलं आणि ठरलेल्या वेळेला परत ये म्हणून सांगितलं. त्या जोडप्यातली मुलगी मेलेली सापडली, पोरगा आलाच नाही, आणि रिक निघून गेला. त्यानंतर गाडीपाशी त्याने कॅरलला सांगितलं की तू परत यायचं नाहीस.

त्याची कारणं तीन. कॅरन आणि डेव्हिड कदाचित जगले असते आणि तो निर्णय तुझा नव्हता. टायरीसला कळलं तर तो तुला मारेल. आणि माझ्या मुलांजवळ तू मला नको आहेस.

कॅरल त्याला उलट विचारते की तू तर सगळ्यांच्या वतीने निर्णय घेणं सोडलं होतंस ना? रिक म्हणतो, हा निर्णय मी माझ्यापुरता घेतोय. मला हे वाक्य पूर्ण प्रकरणातलं सगळ्यात बेइमान वाक्य वाटतं. माझ्यापुरता म्हणजे काय? मुलांना घेऊन स्वतः निघून जाणं हा माझ्यापुरता निर्णय झाला असता. दुसऱ्याला गावाबाहेर काढणं, त्याच्याकडे सोपवलेल्या लिझी आणि मिका या दोन पोरक्या मुलींना न विचारता काढणं, हा गावाचा निर्णय आहे. कॅरल जे करून बसली त्याचाच हा सौम्य नमुना: मला पटलं, मला शक्य होतं, म्हणून केलं आणि नंतर सांगितलं.

रिकच्या बाजूने बोलायचं तर बोलता येतं. कौन्सिलमधले पाचापैकी दोघं तापाने फणफणलेले, एक दौऱ्यावर, एक रुग्णांमध्ये, पाचवी स्वतः आरोपी. गणपूर्ती कुठून आणायची? टायरीसचा रागही त्याने अंगावर घेतलेला होता. तिला गाडी दिली, सामान दिलं, मारलं नाही. निघताना तिने त्याला स्वतःचं घड्याळ दिलं, मेलेल्या नवऱ्याने कधीतरी दिलेलं. हे सगळं खरं. पण घाई कसली होती? तुरुंगात रिकाम्या कोठड्यांची वाण नव्हती. आठवडाभर तिला एका कोठडीत ठेवून डॅरिलची वाट पाहता आली असती. पुढे रिकने डॅरिलला ही बातमी सांगितली तेव्हा त्याने नेमकं हेच विचारलं: आम्ही परत येईपर्यंत थांबता आलं नाही?

आता ते तीन प्रश्न. या गावात खून केलेल्याला प्रवेशबंदी नव्हती. नियमच असा होता की किती मारले ते सांग आणि का ते सांग. उत्तर पटलं तर आत ये. परक्याला जी संधी होती ती आतल्या माणसाला मिळाली नाही. कॅरलला तिसरा प्रश्न चारचौघांत, टायरीससमोर, कोणी विचारलाच नाही. कदाचित उत्तर ऐकून त्यांनी तिला हाकललं असतं, माझा कौल तरी तोच असता. पण मग तो गावाचा कौल झाला असता. टायरीसला कोणावर ओरडायचं ते कळलं असतं, आणि ‘आजारी पडलो तर शेजारची बाई आपल्याला जाळणार नाही ना’ ही भीती ज्यांना वाटली असेल, त्यांना काही उत्तर मिळालं असतं.

एक आधीची खूणही सांगायला हवी. पहिल्याच भागात कॅरल गोष्टींच्या तासाला मुलांना सुरी चालवायला शिकवत होती, आईबापांना न सांगता. रिकचा मुलगा कार्ल याने ते पाहिलं, तिने त्याला गप्प राहायला सांगितलं. त्याने बापाला सांगितलं आणि बापही गप्प राहिला. शिकवणं वाईट नव्हतं, त्या जगात तर गरजेचंच होतं. चोरून शिकवणं मात्र कौन्सिलच्या सदस्याला शोभणारं नव्हतं, आणि ते रिकने पोटात घातलं तिथेच या प्रकरणाची पहिली बैठक बुडाली.

पुढे

रिकने मॅगीला सांगितलं. तिने तू बरोबर केलंस म्हणून मान डोलावली, मात्र तिला स्वतःला ते जमलं असतं का, याची खात्री तिला देता आली नाही. टायरीसला सांगायचं राहिलं. सांगणारच होते, तेवढ्यात गव्हर्नर रणगाडा घेऊन फाटकाशी आला. हर्शेलचं डोकं उडालं, तुरुंग पडला, कौन्सिल संपली. ज्या गावाला निर्णय द्यायचा होता ते गावच उरलं नाही.

सुनावणी झाली ती मार्च २०१४ मध्ये, ‘द ग्रोव्ह’ या भागात, रानातल्या एका घरात. तुरुंगातून निसटलेला टायरीस आणि वाटेत भेटलेली कॅरल एकत्र चालत होते. लिझीने आपल्याच बहिणीला, मिकाला, मारलं होतं, आणि कॅरलने लिझीला. त्या रात्री कॅरलने टेबलावरून पिस्तूल टायरीसकडे सरकवलं आणि सांगितलं की कॅरनला मी मारलं, आता तू ठरव. हे लिझीने तर केलं नसेल ना, अशी शंका त्याने तिच्या कबुलीआधी बोलून दाखवली होती. आता त्याने विचारलं, कॅरनला त्रास झाला का, ती घाबरली होती का? रिकने हे प्रश्न विचारले नव्हते. कोणी विचारले नव्हते. बराच वेळ गेल्यावर टायरीस म्हणाला की मी तुला माफ करतो, विसरणार मात्र नाही. वकील नाही, पंच नाही, जवळच्या खोलीत रिकची तान्ही मुलगी ज्युडिथ, तरी मला यापलीकडे या प्रकरणाचा निकाल म्हणावा असं काही दिसत नाही. पाचव्या सीझनच्या सुरुवातीला कॅरल टोळीला पकडून ठेवणारा टर्मिनस हा तळ उडवून सगळ्यांना सोडवते आणि रिक तिलाच विचारतो, आम्हाला तुमच्यात घेशील का? हा प्रसंग चाहत्यांचा लाडका आहे, पण त्यात हद्दपारी रद्द झाली, चौकशी नाही. टायरीसने जे एका टेबलावर उरकलं ते रिकने मिठीवर भागवलं.

मालिकेला हा तिढा लेखी सोडवायला नववा सीझन लागला. ऑक्टोबर २०१८ मध्ये मॅगीने, तुरुंगात जिला आपल्याला जमलं असतं की नाही ते सांगता आलं नव्हतं, हिलटॉप या वस्तीत तिथल्या जुन्या पुढाऱ्याला, ग्रेगरीला, सगळ्यांदेखत फासावर लटकवलं. ते पाहून मिशोनने वस्त्या-वस्त्यांमध्ये मिळून एक सनद असावी असा आग्रह धरला. सह्या व्हायला मार्च २०१९ चा भाग उजाडला. त्या झाल्या किंग्डम या वस्तीत, जत्रेच्या दिवशी, आणि किंग्डमची राणी तेव्हा कॅरल होती.